फूल लागलं डोळ्याला

बॅडमिंटनच्या फुलाचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास. एवढंसं फूल लागलं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावायचं, हे पुण्यातल्या त्या हॉलमध्ये कुणालाच पटलं नसतं. बारा वर्षांचा मुलगा दुहेरीत जाळीपाशी उभा होता. मागे जोडीदारानं फूल कसं उचललं हे बघायला त्यानं मान वळवली आणि पुन्हा समोर पाहिलं, तोवर पलीकडचा स्मॅश त्याच्या डाव्या डोळ्यावर येऊन आदळला होता. मुलगा मटकन खाली बसला. कुणी पाणी मारलं, कुणी रुमालावर फुंकर घालून डोळा शेकला. थोड्या वेळानं डोळा उघडला. पापणीला साधं खरचटलंही नव्हतं. ‘शटलच तर लागलंय,’ म्हणत पोरं पुन्हा खेळायला लागली.

त्याची आई आज इतर पालकांना जे सांगते, ते त्यानंतर घरी घडलेलं आहे. मुलगा दुखतंय असं म्हणतच नव्हता. तो सोफ्यावर बसून एकदा उजवा डोळा झाकत होता, एकदा डावा. ‘आई, या डोळ्यानं टीव्ही धुरकट दिसतोय,’ एवढंच तो म्हणाला. तिनं त्याला ट्यूबलाइटखाली उभं केलं. बुबुळाच्या खालच्या कडेला, बाटलीच्या तळाशी गाळ बसावा तशी, एक तांबूस आडवी रेघ होती. चपला घातल्या आणि दोघं निघाले.

डॉक्टर त्याला हायफीमा म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागे, बुबुळाच्या पुढे, पाणी भरलेली एक छोटी जागा असते. मार लागला की बुबुळाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि रक्त त्या जागेत उतरतं. मूल बसलेलं असलं तर ते खाली साचून रेघ दिसते, आडवं झालं की पसरतं आणि नुसतीच नजर धूसर होते. खरी काळजी त्या पहिल्या रक्ताची नसतेच. पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, तो बऱ्याचदा पहिल्याहून मोठा असतो, आणि त्यात डोळ्याचा दाब चढला तर नजरेची नस दुखावते. म्हणून त्या मुलाच्या डोळ्यावर प्लास्टिकची कडक झाकणी आली, बाहुली मोठी करणारे आणि सूज उतरवणारे ड्रॉप आले, उशाला तीन उशा आल्या, धावणं-उड्या बंद झाल्या आणि दाब तपासायला रोजची फेरी लागली.

एक सूचना आईच्या चांगलीच लक्षात राहिली. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, कारण दोन्ही रक्त गोठण्याच्या आड येतात. आपल्याकडे बहुतेक घरांत तापाचं जे सिरप फ्रिजमध्ये पडून असतं, त्यात अनेकदा पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असतं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ते चमच्यात ओतू नये, हे ती आवर्जून सांगते.

इतक्या हलक्या फुलानं एवढं कसं होतं? सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये मारलेल्या स्मॅशची नोंद गिनेसकडे आहे: ताशी ५६५ किलोमीटर. क्लबातल्या पोरांचा स्मॅश त्याच्या जवळपासही जात नाही आणि फुलाचा वेग हवेत झपाट्यानं उतरतो, पण जाळीपाशी उभ्या असलेल्याला तो उतरायला अंतरच मिळत नाही. दुसरी गोष्ट आकाराची. फुलाचं बूच २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतं आणि मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या खोबणीचं तोंड साधारण चार सेंटिमीटर. सात सेंटिमीटरचा क्रिकेटचा चेंडू भुवईच्या आणि गालाच्या हाडांवर अडकतो आणि बराचसा मार तीच खातात. बूच सरळ आत जातं. विटीचंही तेच. स्क्वॉशचा चेंडू खोबणीत बसेल एवढाच असतो. गल्लीतला रबरी चेंडू मोठा असला तरी दबून आत घुसतो. ‘मऊ चेंडूनं खेळतायत, काही होत नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

मोठ्या चेंडूनंही सुटका होतेच असं नाही, आणि मुलांच्या बाबतीत यातला एक प्रकार फार फसवा आहे. मुलांची हाडं लवचीक असतात. खोबणीच्या तळाचं पातळ हाड मारानं वाकतं, चिरतं आणि परत जागेवर येतं. येताना डोळा फिरवणाऱ्या स्नायूला त्या फटीत अडकवतं. बाहेरून डोळा पांढरास्वच्छ दिसतो, सूजही जेमतेम. मूल मात्र ओकाऱ्या काढतं, मलूल होतं, वर बघताना त्याला एकाचे दोन दिसतात. ओकारी म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या माराकडे जातं, आणि तो तपासायला हवाच. पण त्याचबरोबर मुलाची मान स्थिर धरून त्याला बोटाकडे वर-खाली बघायला सांगावं. एक डोळा वर चढत नसेल तर ही एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागेल अशी तातडी असू शकते. स्नायू अडकून राहिला तर कायमचा निकामी होतो.

यष्टिरक्षकांचे दाखले तर डोळ्यांसमोर आहेत. मे २००० मध्ये ढाक्याला आशिया चषकात अनिल कुंबळेचा चेंडू सबा करीमच्या उजव्या डोळ्यावर बसला. जुलै २०१२ मध्ये टाँटनला इम्रान ताहिरनं फलंदाजाचा त्रिफळा उडवला आणि यष्टीवरची बेल उडून मार्क बाऊचरच्या डाव्या डोळ्यात गेली. लाकडाचा अकरा सेंटिमीटरचा तुकडा तो! बाऊचर यष्टींना लागून उभा होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. १४७ कसोट्या खेळलेला तो माणूस पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २००० सालीच सांगून ठेवलं होतं की कडक चेंडूसमोर फलंदाजी करताना आणि यष्टींजवळ उभं राहून यष्टिरक्षण करताना जाळीचं हेल्मेट हवंच. आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरांत फलंदाजाला हेल्मेट मिळतं, किपिंग करणाऱ्या पोराला टोपी. मोठ्या भावाचं हेल्मेट धाकट्याला चालवूनही घेऊ नये. मुलांचा चेंडू लहान असतो, तो जाळी आणि छज्जा यांच्या फटीतून आत शिरू शकतो.

संरक्षणाची सक्ती केली की काय होतं, हे कॅनडानं दाखवून दिलं. टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ टॉम पॅशबी यांनी आइस हॉकीत गेलेल्या डोळ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि मुलांना पूर्ण चेहऱ्याची जाळी बंधनकारक होईपर्यंत पाठ सोडली नाही. जाळी आल्यावर त्या खेळातलं मुलांचं अंधत्व जवळपास थांबलं. अमेरिकेत शाळकरी मुलींच्या मैदानी हॉकीत २०११च्या हंगामापासून डोळ्यांचं संरक्षण सक्तीचं करण्यात आलं.

बॅडमिंटन, स्क्वॉश, बास्केटबॉलसाठी लागतो तो पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा, मागे पट्टा असलेला गॉगल. खोक्यावर किंवा दांडीवर एएसटीएम एफ८०३ किंवा रॅकेटच्या खेळांसाठीचा एफ३१६४ हा मानक क्रमांक पाहावा. ‘स्पोर्ट्स गॉगल’ म्हणून दुकानात जे लटकलेलं असतं, ते बहुतेकदा नुसतं उन्हापासूनचं असतं. रोजचा चष्मा या कामाचा नाही. भिंग फुटून किंवा निसटून डोळ्यातच जाऊ शकतं. कॉन्टॅक्ट लेन्सनं काडीचं संरक्षण मिळत नाही. चष्म्याचा नंबर असलेल्या मुलाला त्याच नंबरची पॉलिकार्बोनेटची भिंगं करून मिळतात. वाफ धरते अशी कुरकुर पहिल्या आठवड्यात होतेच. बाजूला हवेची भोकं असलेली फ्रेम घेतली की बरंच भागतं. आणि सरांनी पहिल्या दिवसापासून शिकवावं: जाळीपाशी असताना मागे वळायचं नाही, रॅकेट तोंडासमोर.

मार लागलाच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, नाक शिंकरू द्यायचं नाही. गुलाबपाणी, मध, तूप, घरात उरलेले ड्रॉप, काहीही घालायचं नाही. काही रुतलं असेल तर उपसायचं नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा, कड हाडावर टेकेल असा, चिकटपट्टीनं लावावा आणि दवाखाना गाठावा. वाटेत खायला देऊ नये, भूल द्यावी लागू शकते. आणि त्या आईचं ऐकावं: ‘दुखतंय का, हे विचारू नका. एकेक डोळा झाका आणि काय दिसतंय ते विचारा.’

तिच्या मुलाची नजर परत आली. तरी दरवर्षी त्याचा दाब तपासायचा आहे, जन्मभर. अशा मारात डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याचा कोपरा फाटलेला असू शकतो आणि काचबिंदू कित्येक वर्षांनी, काही न दुखता, सुरू होतो. शाळेच्या आणि क्लबच्या प्रवेश अर्जावर तिनं आता एक ओळ वाढवून घेतली आहे: मुलाचा एखादा डोळा अधू आहे का? चष्मा लावूनही अधू डोळ्याची नजर ६/१२ पेक्षा कमी असेल, तर त्या मुलानं गॉगलशिवाय चेंडूचा किंवा रॅकेटचा कुठलाच खेळ खेळायचा नाही, आणि बॉक्सिंग तर अजिबातच नाही. हा प्रश्न विचारल्यावर त्या क्लबातल्या काही पालकांनी मुलांचे डोळे पहिल्यांदाच तपासून घेतले.