धावपट्टी कोणाची? खासगी विमाने, नियम आणि पर्यावरण

इयत्ता : ८ वी ते १० वी
विषय : नागरिकशास्त्र, भूगोल, गणित (एकत्रित पाठ)
तासिका : दोन



आपल्या परळ-लालबाग-दादरच्या मुलांना विमान काही नवीन नाही. गच्चीवर पतंग उडवताना दिसतं, महालक्ष्मी रेसकोर्सच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरताना दिसतं. मुलं विचारतात, "सर, त्याच्यात कोण असतं?" आपण बहुतेक वेळा "असेल कोणीतरी मोठा माणूस" म्हणून विषय संपवतो. खरं तर या एका प्रश्नातून कायदा, गणित, पर्यावरण आणि न्याय असे चारही धडे शिकवता येतात. तो पाठ कसा घ्यायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

१. बिझनेस एव्हिएशन म्हणजे काय?

ठरलेल्या वेळापत्रकाने धावणारं आणि तिकीट काढून कोणालाही बसता येणारं विमान म्हणजे नियमित सेवा. याउलट एखादी कंपनी किंवा व्यक्ती आपल्या कामासाठी स्वतःचं विमान ठेवते किंवा पूर्ण विमान भाड्याने घेते. या दुसऱ्या प्रकाराला बिझनेस एव्हिएशन म्हणतात. मुलांना सोपं करून सांगायचं तर नियमित सेवा म्हणजे बेस्टची बस, आणि हे म्हणजे स्वतःची गाडी किंवा ठरवून केलेली टॅक्सी.

भाड्याने विमान देणाऱ्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, 'नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर' हा परवाना घ्यावा लागतो. फक्त स्वतःच्या वापरासाठी नोंदवलेल्या विमानाला भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. टॅक्सीची पिवळी नंबरप्लेट आणि घरच्या गाडीची पांढरी नंबरप्लेट, तसाच हा फरक. मुलांना हे उदाहरण चटकन कळतं.

मुंबईचं आणि हवाई वाहतुकीचं नातं जुनं आहे. जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे छोट्या 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन इथेच उतरले. भारतीय विमानसेवेची सुरुवात अशी एका छोट्या विमानाने झाली, हे मुलांना जरूर सांगा.

२. परळमध्ये आलेले दोन हात

'खासगी विमान म्हणजे श्रीमंतांची चैन' असं मुलं लगेच बोलून मोकळी होतात. त्यांना थांबवू नका, पण त्यानंतर ही घटना सांगा.

ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये एका तरुणीवर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. दात्याचे हात होते चेन्नईला. मध्ये सुमारे १,००० किलोमीटरचं अंतर, वर करोनाचे दिवस, नियमित विमानं मोजकीच. ते हात चार्टर विमानाने मुंबईत आणले गेले आणि शस्त्रक्रिया पार पडली.

इथे विज्ञानाचा एक मुद्दा जोडता येतो. शरीराबाहेर काढलेला अवयव थंड ठेवला तरी मर्यादित वेळच टिकतो. हृदयासाठी साधारण चार तास धरतात, मूत्रपिंड त्याहून बराच जास्त वेळ टिकतं. त्यामुळे ज्या अवयवाला घाई, त्याला वेळापत्रकाची वाट बघून चालत नाही.

आता फळ्यावर दोन रकाने करा. एका बाजूला 'गरज', दुसऱ्या बाजूला 'सोय'. अवयव नेणारं विमान, उद्योगपतीची मीटिंग, पूरग्रस्तांना मदत, निवडणुकीची सभा, लग्नाचं वऱ्हाड, नियमित सेवा नसलेल्या गावातला कारखाना यांतलं काय कुठे लिहायचं ते मुलांनाच ठरवू द्या. दोन-तीन ठिकाणी जोरदार भांडण होतं. होऊ द्यावं. नियम का लागतात ते त्या भांडणातूनच कळतं.

३. एक धावपट्टी, अनेक विमाने

मुंबईच्या मुख्य विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. दादर स्टेशनवर गर्दीच्या वेळी एकच ट्रॅक चालू असता तर काय झालं असतं, याची कल्पना करायला सांगा.

धावपट्टीला विमानात किती माणसं आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. १८० प्रवाशांचं विमान असो की चौघांचं, उतरायला एक 'पाळी' लागतेच. उलट मोठ्या विमानामागे हवेत जोरदार भोवरे तयार होतात. मागून छोटं विमान येत असेल तर सुरक्षिततेसाठी त्याला जास्त अंतर ठेवावं लागतं. म्हणजे चार प्रवाशांचं विमान कधीकधी १८० प्रवाशांच्या विमानापेक्षा जास्त वेळ अडवतं!

२०२४ च्या सुरुवातीला नेमका हाच प्रश्न पुढे आला. मुंबईवर विमानं घिरट्या घालत होती, प्रवासी ताटकळत होते, इंधन जळत होतं. तेव्हा सरकारने गर्दीच्या काळात तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ उड्डाणांची मर्यादा घातली. बिझनेस विमानांना पूर्वी दिवसातले ४ तास मनाई होती, ती ८ तासांवर नेली. गर्दीच्या वेळी मालगाडी बाजूला थांबवून लोकलला वाट देतात, त्यातलाच हा प्रकार. आणि रुग्ण किंवा अवयव नेणाऱ्या विमानाला प्राधान्य देण्याची रीत जगभरच्या हवाई वाहतूक नियंत्रणात आहे. रुग्णवाहिकेला वाट देतो, तसंच.

वर्गात विचारा : ही मनाई न्याय्य आहे का? विमानमालक म्हणतो, "मी पूर्ण शुल्क भरतो, मग मला का अडवता?" प्रवासी म्हणतो, "आम्ही १८० जण आहोत." दोघांची बाजू दोन गटांना मांडायला लावा. जो गट प्रवाशांच्या बाजूने बोलला, त्यालाच नंतर मालकाची बाजू घ्यायला सांगा.

४. नियम कोणासाठी?

२८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेलं एक छोटं विमान घाटकोपरच्या भर वस्तीत कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जण गेले.

तो पादचारी विमानाचा प्रवासी नव्हता, मालकही नव्हता. विमानाच्या तपासणीचे, देखभालीचे, वैमानिकाच्या विश्रांतीचे नियम हे आत बसणाऱ्यांची कटकट वाटतात, पण ते खाली चालणाऱ्या माणसासाठीही असतात. हा मुद्दा मुलांना शांतपणे सांगावा. लहान इयत्तांना अपघाताचं वर्णन करू नये.

कायद्याची साखळी फळ्यावर अशी काढता येते :

• जग : ७ डिसेंबर १९४४ चा शिकागो करार. त्यातून इकाओ ही संयुक्त राष्ट्रांशी जोडलेली संघटना. मुख्यालय मॉन्ट्रियल, सदस्य देश १९३.
• देश : १९३४ चा विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.
• अंमलबजावणी : डीजीसीए.
• उद्योग : जगात 'आयबॅक' ही बिझनेस विमानवाल्यांची परिषद, भारतात २०११ पासून बिझनेस एअरक्राफ्ट ऑपरेटर्स असोसिएशन.

शेवटचा टप्पा नीट समजावा. उद्योगाच्या संघटना आपल्या सदस्यांसाठी सुरक्षेची मानकं तयार करतात, त्याचबरोबर सरकारकडे आपली बाजूही मांडतात. पण कायदा करणं आणि शिक्षा देणं हे काम सरकारचंच. सोसायटीची कमिटी आणि महानगरपालिका यांत जो फरक, तोच.

५. गणिताची तासिका

एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोतून तीन किलो कसे? मुलं हमखास अडतात. इंधनातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, वाढीव वजन त्या ऑक्सिजनचं.

उदाहरण १ (आकडे सरावासाठी धरलेले) : एका मोठ्या विमानाने ४,५०० किलो इंधन जाळलं, प्रवासी १८०. त्याच मार्गावर एका छोट्या जेटने १,००० किलो जाळलं, प्रवासी ४. माणशी कार्बन किती?

मोठं विमान : ४,५०० × ३.१६ = १४,२२० किलो. भागिले १८० = ७९ किलो.
छोटं जेट : १,००० × ३.१६ = ३,१६० किलो. भागिले ४ = ७९० किलो.

बरोबर दहापट! एकूण कार्बन छोट्या विमानाचा कमी, माणशी मात्र कितीतरी जास्त. एकूण आणि सरासरी यातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

उदाहरण २ : बिझनेस विमान उद्योगाने २००९ मध्ये उत्सर्जन कमी करण्याचं जाहीर वचन दिलं. २०२१ मध्ये ते वाढवून २०५० पर्यंत 'नेट झीरो' केलं आणि २०२० ते २०३० दरवर्षी सरासरी २ टक्के इंधन-कार्यक्षमता वाढवण्याचं ठरवलं. चक्रवाढीने मोजा : आज एका उड्डाणाला १०० लिटर लागत असतील, तर १० वर्षांनी सुमारे ८२ लिटर. छान. पण तेवढ्यात उड्डाणं दीडपट झाली तर? ८२ × १.५ = १२३. विमान सुधारलं आणि धूर वाढला!

हा काल्पनिक धोका नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार जगातल्या खासगी विमानांचं उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात ४६ टक्क्यांनी वाढलं. २०२३ मध्ये ते किमान १.५६ कोटी टन होतं. त्यातली जवळजवळ निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती. नकाशावर मुंबईभोवती ५०० किलोमीटरचं वर्तुळ काढायला सांगा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा, सुरत, अहमदाबाद सगळं आत येतं. यातल्या कुठल्या गावाला रात्रीच्या गाडीने जाता येतं, हे मुलं स्वतःच सांगतील.

६. उसापासून विमानापर्यंत

उपाय काय? एक उपाय म्हणजे शाश्वत विमान-इंधन. वनस्पती, शेतातला उरलेला भाग, वापरलेलं तेल, इथेनॉल यांपासून ते बनवतात. ते जळतानाही कार्बन सोडतं, पण तो कार्बन वनस्पतीने आधी हवेतूनच घेतलेला असतो.

आपल्या राज्याचा यात वाटा आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी कच्च्या मालापासून बनवलेलं असं इंधन मिसळलं होतं. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल यांनी ते पुरवलं. प्रमाण होतं जास्तीत जास्त १ टक्का. सरकारचं लक्ष्य आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के असं आहे. म्हणजे उरलेले ९८ टक्के अजून नेहमीचंच. शिवाय ऊस म्हटला की पाणी आलं. मराठवाड्यातल्या नातेवाइकांकडे जाणारी मुलं हा मुद्दा आपणहून काढतात.

दुसरा उपाय म्हणजे इकाओची 'कोर्सिया' योजना. ठरावीक पातळीवर गेलेल्या उत्सर्जनाची भरपाई कंपन्यांनी करायची. भारतासाठी ती २०२७ पासून. पण ५,७०० किलोपर्यंतची छोटी विमानं, वर्षाला १०,००० टनांपेक्षा कमी उत्सर्जन करणारे चालक आणि देशांतर्गत उड्डाणं यातून बाहेर आहेत. म्हणजे बरीच खासगी विमानं जाळ्याच्या भोकातून निसटतात. वैद्यकीय आणि मदतकार्याच्या उड्डाणांनाही सूट आहे. आता मुलांना पुन्हा 'गरज' आणि 'सोय' या रकान्यांकडे बघायला सांगा. कोणती सूट योग्य आणि कोणती नाही?

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. तुम्ही विमानतळाचे अधिकारी आहात. सकाळी ९ वाजता एकच पाळी शिल्लक आहे. १८० प्रवाशांचं विमान, अवयव नेणारं विमान आणि मंत्र्यांचं विमान थांबलं आहे. क्रम लावा, कारणे लिहा.
२. इंधन-कार्यक्षमता वाढूनही एकूण उत्सर्जन का वाढू शकतं? आकडे घेऊन दाखवा.
३. उद्योगाचं वचन आणि सरकारचा नियम यांतले दोन फरक लिहा.

पालकांसाठी एक विनंती. पहिल्या प्रश्नाचं 'बरोबर' उत्तर घरी सांगू नका. मंत्र्यांच्या विमानाला मुलं कुठे ठेवतात आणि का, हे त्यांच्याच तोंडून ऐका. पूरपाहणीला निघालेला मंत्री आणि सभेला निघालेला मंत्री यांत फरक करावा, असं एखादं मूल म्हणालं तर पाठ पोहोचला समजा.