दोस्त राष्ट्रांची मैत्री कां टिकली नाहीं?

समान शत्रूचें भय दोन विरोधी पक्षांस एकत्र आणतें; परंतु तें भय ओसरल्यावर त्यांस एकत्र ठेवणारें दुसरें कांहीं असावें लागतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटन, अमेरिका व सोव्हिएट रशिया हीं तीन राष्ट्रें हिटलरविरुद्ध खांद्यास खांदा लावून लढलीं, आणि युद्ध संपून दोन वर्षें होतात न होतात तोंच एकमेकांकडे शत्रूच्या नजरेनें पाहूं लागलीं. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत बहुधा दोन ओळींत आटोपलेली असते : महायुद्ध संपलें व शीतयुद्ध सुरू झालें. परंतु या दोहोंच्या दरम्यान काय घडलें, हें समजून घेतल्यावांचून इतिहासाचा विद्यार्थी त्यापासून कांहींच शिकूं शकत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचा विचार मुख्यतः पोलंडच्या उदाहरणावरून करणार आहों. ज्या देशासाठीं ब्रिटननें सन १९३९ मध्यें तलवार उपसली, त्याच देशाच्या भवितव्यावरून दोस्तांमध्यें सर्वांत मोठी फूट पडली. शिवाय या कथेचा एक धागा आपल्या कोल्हापुरापर्यंत येऊन पोंचतो. तो पुढें सांगूं.

मैत्रीचा पाया

ता. २३ ऑगस्ट १९३९ रोजीं जर्मनी व रशिया यांनीं अनाक्रमणाचा करार केला व त्याबरोबरच्या गुप्त कलमांनीं पूर्व युरोप आपसांत वांटून घेतला. ता. १ सप्टेंबर रोजीं जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडांत शिरल्या, ता. १७ रोजीं रशियन फौजा पूर्वेकडून शिरल्या. पोलंडला दिलेल्या वचनास जागून ब्रिटननें ता. ३ सप्टेंबर रोजीं जर्मनीशीं युद्ध पुकारलें. रशियाशीं मात्र पुकारलें नाहीं. पुढें ता. २२ जून १९४१ रोजीं हिटलरनें करार मोडून रशियावरच स्वारी केली. बोल्शेव्हिकांचे कट्टर वैरी म्हणून प्रसिद्ध असलेले चर्चिल यांनीं त्याच रात्रीं नभोवाणीवरून रशियास मदत देण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं अमेरिकेनेंही आपल्या लेंड-लीज कायद्याचा लाभ रशियास दिला. युद्ध संपेपर्यंत मोटार-ट्रक व जीप गाड्याच सुमारें चार लाख रशियाकडे रवाना झाल्या. ही मैत्री मतैक्यांतून जन्मलेली नव्हती. हिटलरच्या स्वारीनें ती जुळविली होती, हें येथें लक्षांत ठेवावें.

या मैत्रीस तत्त्वाचें अधिष्ठान देण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. ऑगस्ट १९४१ मध्यें रूझवेल्ट व चर्चिल यांनीं न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ भेटून 'अटलांटिक सनद' जाहीर केली. आपली राज्यपद्धति निवडण्याचा प्रत्येक राष्ट्राचा हक्क तींत मान्य केला होता. परंतु महिना लोटण्यापूर्वींच, ता. ९ सप्टेंबर रोजीं, चर्चिल यांनीं कॉमन्स सभेंत खुलासा केला कीं, सनद करतांना नाझी अमलाखालील युरोपीय राष्ट्रेंच मुख्यतः नजरेपुढें होतीं. हिंदुस्थानाविषयींच्या ब्रिटिश धोरणांत तिनें कांहीं बदल होत नाहीं. रशियानेंही त्याच महिन्यांत सनदेस संमति दिली. पण तत्त्वांचा प्रत्यक्ष अवलंब प्रत्येक देशाची परिस्थिति व गरजा पाहूनच व्हावा, अशी पुस्ती जोडली. एका दस्तऐवजाचे असे तीन अर्थ झाले. ता. १ जानेवारी १९४२ रोजीं २६ राष्ट्रांनीं या सनदेस अनुसरून संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांत हिंदुस्थानचीही सही होती. शब्दांवर एकमत झालें. अर्थांवर झालें कीं नाहीं, हें कोणीं विचारलें नाहीं, कारण युद्ध जिंकावयाचें होतें.

युद्ध चालू असतांही संशय होताच. पश्चिम युरोपांत दुसरी आघाडी उघडण्याची मागणी स्टॅलिन १९४१ पासून करीत होता, ती ता. ६ जून १९४४ रोजीं उघडली. तोंपर्यंत जर्मन भूसैन्याचा मुख्य भार रशियानेंच सोसला. या युद्धांत रशियाचीं सुमारें २ कोटि ७० लाख माणसें मेलीं. ब्रिटन व अमेरिका यांची हानि प्रत्येकीं चार-पांच लाखांच्या आसपास होती. आपल्या रक्तावर इतरांनीं विजय मिळविला, ही भावना रशियांत कां रुजली, हें या आंकड्यांवरून कळतें.

पोलंडचा प्रश्न

पोलंडचें कायदेशीर सरकार लंडनमध्यें आश्रयास होतें. एप्रिल १९४३ मध्यें जर्मनांनीं रशियांतील काटिनच्या अरण्यांत पोलिश अधिकाऱ्यांचीं सामुदायिक थडगीं सांपडल्याचें जाहीर केलें. लंडनच्या पोलिश सरकारनें आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडून चौकशी मागितली. तेवढें निमित्त करून रशियानें त्याच्याशीं संबंध तोडले. या हत्या स्टॅलिनच्या राजवटीनें १९४० मध्यें केल्या होत्या, आणि मारलेल्या पोलिश कैद्यांची एकूण संख्या सुमारें २२ हजार होती. रशियानें त्याची कबुली १९९० मध्यें दिली. त्या वेळीं मात्र ब्रिटन व अमेरिका यांनीं युद्धमैत्रीस धक्का नको म्हणून मौन पत्करलें.

नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस तेहरान येथें तिघे पुढारी भेटले. पोलंडचा पूर्वभाग रशियास द्यावा व मोबदला म्हणून पोलंडास पश्चिमेकडे जर्मनीचा मुलूख मिळावा, ही कल्पना चर्चिल यांनीं आगपेटींतील तीन काड्या सरकवून स्टॅलिनला समजावून दिली. ज्यांचा देश सरकविला जात होता त्यांना कोणीं विचारलें नाहीं. ऑक्टोबर १९४४ मध्यें मॉस्कोंत चर्चिल यांनीं याहून पुढचें पाऊल टाकलें. एका कागदावर त्यांनीं रुमानियांत रशियाचें वजन ९० टक्के, ग्रीसमध्यें ब्रिटनचें ९० टक्के, युगोस्लाव्हियांत निम्मेंनिम्म, असे आंकडे मांडले. स्टॅलिननें निळ्या पेन्सिलीनें त्यावर खूण केली. स्वयंनिर्णयाची सनद लिहिणारा हात तो हाच. म्हणून वचनभंगाचा दोष सर्वस्वीं एकाच पक्षावर टाकणें इतिहासास धरून होणार नाहीं. मात्र दोष समसमान होता असेंही आम्ही म्हणत नाहीं. ग्रीसमध्यें यादवी माजली व पोलंडांत गुप्त पोलिसांचें राज्य आलें. या दोहोंचा हिशेब निरनिराळाच मांडला पाहिजे.

याल्टा येथील करार

ता. ४ ते ११ फेब्रुवारी १९४५ या दिवसांत क्रिमियांतील याल्टा येथें तिघांची दुसरी भेट झाली. त्या वेळीं रशियन फौजा सर्व पोलंड ओलांडून ओडर नदीवर, बर्लिनपासून ७० किलोमीटरांच्या आंत, येऊन थडकल्या होत्या. आणि स्टॅलिननें पोलंडांत आपल्या पसंतीचें एक सरकार आधींच स्थापिलें होतें. चर्चिल म्हणाले कीं, पोलंड हा ब्रिटनच्या अब्रूचा प्रश्न आहे. स्टॅलिनचें उत्तर असें कीं, रशियास तो अब्रूचा तर आहेच, पण संरक्षणाचाही आहे. तीस वर्षांत दोन वेळां जर्मन शत्रु याच वाटेनें रशियांत आला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें.

ठरलें तें असें : पोलंडचें सरकार अधिक व्यापक लोकशाही पायावर पुनर्घटित करावें आणि प्रौढ मतदान व गुप्त मतदान या पद्धतीनें लवकरांत लवकर मुक्त निवडणुका घ्याव्या. अॅडमिरल लेही यांनीं तेथेंच रूझवेल्ट यांस बजावलें कीं, हा मजकूर इतका लवचिक आहे कीं रशियनांस तो न मोडतां हवा तितका ताणतां येईल. रूझवेल्ट यांस हें ठाऊक होतें. याहून अधिक कांहीं त्या घटकेस मिळणार नाहीं, असें त्यांचें मत पडलें. जपानशीं युद्ध अजून बाकी होतें, व त्यांत रशियाची मदत त्यांस हवी होती.

या कराराच्या मुळाशीं एक विसंगति होती व ती शब्दांनीं झांकली गेली. रशियास शेजारीं मित्रभावाचें सरकार हवें होतें. पाश्चात्त्यांस मुक्त निवडणुकीनें आलेलें सरकार हवें होतें. १९३९ ची फाळणी, हद्दपारी व काटिन हें सर्व सोसलेल्या जनतेनें मोकळेपणानें मत दिलें असतें, तर स्टॅलिनला मित्र वाटेल असें सरकार येणें जवळजवळ अशक्य होतें. दोन्ही अटी एकदम पुऱ्या होणाऱ्या नव्हत्या. तरीही दोन्ही एकाच कराराखालीं ठेवून तिघांनीं सह्या केल्या.

वळिवडे येथील पोलिश लोक

या सह्यांचा अर्थ सामान्य माणसास काय झाला, हें पाहावयाचें तर कोल्हापूरजवळच्या वळिवडे गांवाची आठवण करावी. १९४० व १९४१ मध्यें रशियानें पूर्व पोलंडांतील लाखों स्त्री-पुरुष व मुलें सैबेरिया व मध्य आशिया यांकडे हद्दपार केलीं होतीं. हिटलरच्या स्वारीनंतर, जुलै १९४१ मध्यें रशिया व लंडनचें पोलिश सरकार यांच्यांत करार होऊन त्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली, व त्यांतील बरेच लोक इराणमार्गें बाहेर पडले. १९४३ पासून त्यांपैकीं सुमारें पांच हजार, बहुतेक स्त्रिया व मुलें, वळिवडे येथील छावणींत राहिले. तेथें त्यांच्या शाळा, रुग्णालय व प्रार्थनामंदिर होतें. युद्ध संपलें कीं घरीं जावयाचें, या आशेवर तीं मुलें आपल्या भाषेंत आपल्या देशाचा भूगोल शिकत होतीं.

याल्टाच्या निर्णयानें त्यांतील बहुतेकांचीं गांवें रशियाच्या हद्दींत गेलीं. ता. ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटन व अमेरिका यांनीं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध दोस्तांनीं जिंकलें होतें, आणि दोस्तांच्याच बाजूच्या या लोकांस परतावयास घर उरलें नव्हतें. छावणी १९४८ मध्यें मोडली. कांहीं जण नव्या पोलंडांत गेले. पुष्कळांनीं ब्रिटन व इतर दूरदेशीं नवे संसार मांडले. नकाशावर ओढलेली रेघ एखाद्या विधवेच्या पदरांत काय टाकते, याचा हा धडा आपल्या दाराशीं घडला आहे.

विश्वासाचा ऱ्हास

ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं रूझवेल्ट वारले व ट्रूमन अध्यक्ष झाले. ता. २५ एप्रिल रोजीं दोन गोष्टी एकदम घडल्या : जर्मनींत एल्ब नदीच्या कांठीं अमेरिकन व रशियन सैनिकांनीं एकमेकांस आलिंगन दिलें, आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रसंघाची घटना करणारी परिषद भरली. पण ही परिषद चालू असतांच बातमी आली कीं, पोलंडच्या भूमिगत चळवळीचे १६ पुढारी रशियानें अटकेंत ठेवले आहेत. त्यांस मार्चमध्यें बोलणीं करण्यास म्हणून बोलावून पकडलें होतें. मे महिन्यांत अमेरिकेनें लेंड-लीजचा पुरवठा एकाएकीं थांबविला; तो कांहीं अंशीं पुन्हां सुरू झाला तरी रशियाच्या मनांत डंख राहिला. ता. १६ जुलै रोजीं अमेरिकेनें अणुबाँबची पहिली चांचणी केली व ता. २४ रोजीं पॉट्सडॅम येथें ट्रूमन यांनीं एक नवें विलक्षण शस्त्र हातीं आल्याचें स्टॅलिनला मोघम शब्दांत सांगितलें. स्टॅलिनला हेरांकडून तें आधींच ठाऊक होतें. एक पूर्ण सांगत नव्हता. दुसरा ठाऊक असल्याचें दाखवीत नव्हता.

दोन गट

पुढील घटना भराभर घडल्या. ता. ५ मार्च १९४६ रोजीं अमेरिकेंतील फुल्टन येथें, ट्रूमन यांच्या उपस्थितींत, चर्चिल यांनीं युरोपच्या मध्यावर लोखंडी पडदा पडल्याचें प्रसिद्ध भाषण केलें. जानेवारी १९४७ मध्यें पोलंडांत निवडणूक झाली. धाकदपटशा व मतांची लबाडी यांच्या जोरावर सरकारी गटानें ८० टक्के मतें मिळाल्याचें जाहीर केलें. याल्टाचें वचन कागदोपत्रीं असें 'पाळलें' गेलें.

फेब्रुवारी १९४७ हा महिना आम्हां भारतीयांसही स्मरणीय आहे. ता. २० रोजीं अॅटली यांनीं जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याचें जाहीर केलें; दुसऱ्याच दिवशीं ब्रिटननें अमेरिकेस कळविलें कीं, ग्रीस व तुर्कस्तान यांचा भार यापुढें आम्हांस पेलत नाहीं. युद्धानें खंक झालेलें साम्राज्य मागें हटलें आणि त्या जागीं दोन महासत्ता समोरासमोर आल्या. ता. १२ मार्च रोजीं ट्रूमन यांनीं त्या दोन देशांसाठीं ४० कोटि डॉलर मागितले. जूनमध्यें मार्शल यांनीं युरोपच्या पुनर्रचनेची योजना मांडली. रशियानें ती झिडकारली व आपल्या छायेंतील देशांसही ती घेऊं दिली नाहीं. जून १९४८ मध्यें बर्लिनची नाकेबंदी झाली. पाश्चात्त्यांनीं जवळजवळ अकरा महिने विमानांनीं कोळसा व अन्न पुरवून शहर जगविलें. एप्रिल १९४९ मध्यें १२ राष्ट्रांचा नाटो करार झाला व ऑगस्टमध्यें रशियानें आपला अणुबाँब उडविला. मैत्रीचा शेवट यापूर्वींच झाला होता. आतां वैराची घडी बसली.

उपसंहार

यांत दोष कोणाचा, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. कोणी स्टॅलिनच्या विस्तारलोभास, कोणी अमेरिकेच्या सामर्थ्याच्या तोऱ्यास, तर कोणी परस्परांच्या भीतीस प्राधान्य देतात. सोव्हिएट संघ डिसेंबर १९९१ मध्यें विलयास गेल्यानंतर कांहीं दप्तरें खुलीं झालीं, तेव्हां स्टॅलिनच्या जबाबदारीचा भाग अधिक स्पष्ट झाला. तथापि वाद मिटलेला नाहीं.

आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट अशी कीं, हे करार प्रथम मोडले गेले ते सही करण्याच्या क्षणींच. कारण एका शब्दाचे दोन अर्थ आहेत हें ठाऊक असून तें बोलून दाखविण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. युद्धाच्या निकडीपुढें त्यांस दुसरा मार्ग होता कीं नव्हता, हा प्रश्न अवघड आहे, व आज निवांतपणें बसून त्या पुढाऱ्यांस नांवें ठेवणें सोपें आहे. पण वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. पाऊस येईपर्यंत तें घरही इतर घरांसारखेंच दिसतें.

पोलंडच्या जनतेस अंशतः मुक्त अशी निवडणूक ता. ४ जून १९८९ रोजीं पाहावयास मिळाली. सिनेटच्या १०० जागांपैकीं ९९ जागा सरकारविरोधी 'सॉलिडॅरिटी' पक्षानें जिंकल्या. याल्टा येथें 'लवकरांत लवकर' म्हणून दिलेलें वचन पुरें होऊं लागण्यास चव्वेचाळीस वर्षें लागलीं; आणि वळिवड्याच्या छावणींत भूगोल शिकणारीं मुलें तोंवर आजेआजोबा होण्याच्या वयास पोंचलीं होतीं.