सरस्वतीचा उगम शोधताना

ही सरस्वती म्हणजे नदी नव्हे. जुलै 2017 मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ आणि ‘आयसर’ या संस्थांतील शास्त्रज्ञांनी, इतर सहकाऱ्यांसह, मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह सापडल्याचे जाहीर केले. त्याचे नाव त्यांनी सरस्वती ठेवले. आपल्यापासून तो सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूर आहे.

गूगलवर त्याची माहिती शोधली, तर बातम्यांची रांग लागते. अनेक बातम्यांत एकच आकडा दिसतो : विस्तार 60 कोटी प्रकाशवर्षे. दहा ठिकाणी तोच आकडा मिळाला, म्हणजे दहा पुरावे मिळाले का? सर्वांनी एकाच पत्रकावरून तो उतरवून घेतला असेल, तर पुरावा एकच. तेव्हा मूळ शोधनिबंधच पाहू.

खगोलशास्त्रातील शोधनिबंधांची ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’ नावाची सूची ‘नासा’च्या साहाय्याने चालते. ती सर्वांना मोफत खुली आहे. तिथे पहिल्या लेखकाचे आडनाव बागची आणि वर्ष 2017 एवढे इंग्रजीत लिहिले, की यादी येते. शीर्षकात सरस्वती हे नाव असलेला निबंध आपला. त्याखालीच ‘आर्काइव्ह’मधील मोफत प्रतीचा दुवा असतो. पॉल गिन्सपार्ग यांनी 1991 साली अमेरिकेत सुरू केलेल्या या भांडारात शास्त्रज्ञ आपले निबंध बहुधा छापून येण्याआधीच ठेवतात. म्हणून निबंध पुढे कुठे छापला गेला, हेही पाहावे. हा निबंध 2017 मध्येच ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आला.

आता फक्त सारांश वाचा. (सगळा निबंध पहिल्या वाचनात कळत नाही. मलाही नाही!) तिथे विस्तार ‘किमान 200 मेगापार्सेक’ दिला आहे. 1 पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षे आणि मेगा म्हणजे 10 लाख. गुणाकार करा : 65.2 कोटी प्रकाशवर्षे! म्हणजे बातमीत आकडा ढोबळ झाला, आणि ‘किमान’ हा मोलाचा शब्द गळाला. मधला सुमारे 20 मेगापार्सेक त्रिज्येचा भाग आकुंचन पावत ‘असावा’, असेही तिथे म्हटले आहे. ‘आहे’ असे नव्हे.

सूचीत आणखी दोन याद्या मिळतात. एक, या निबंधाने आधार घेतलेल्या जुन्या निबंधांची. दुसरी, याचा आधार घेणाऱ्या नव्या निबंधांची. दुसरी यादी जरूर चाळा, कारण नंतर कोणी दुरुस्ती सुचवली असेल तर ती तिथेच सापडते.

विषय खगोलाचा नसेल, तर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात आणि पावसावरचे संशोधन हवामान खात्याच्या ‘मौसम’ या नियतकालिकात.

जाता जाता एक काम. सारांशात दीर्घिकांचे किमान 43 गट आणि समूह सांगितले असून त्यांचे एकूण वस्तुमान सुमारे 2 वर 16 शून्ये इतक्या सूर्यांएवढे आहे. एखाद्या बातमीतील आकडा याच्याशी जुळतो का, ते वर्गात तपासून पाहा.