दोन सिलिंडर, चार सिलिंडर आणि तर्कशास्त्राचा एक धडा

'अमकी मोटारसायकल तमकीपेक्षा वेगवान' असे विधान आपण सहज करून जातो. वसतिगृहाच्या कट्ट्यावर अशा वादांना तोटा नाही. तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मात्र प्रश्न पडतो, की हे विधान सिद्ध कसे करावयाचे? जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली आहे. दोन प्रसंगांत बाकी सर्व समान असून एकाच बाबतीत भेद असेल, तर परिणामातील फरकाचे कारण त्या भेदात शोधावे. वर्गात हे सूत्र सोपे वाटते. शर्यतीच्या मार्गावर ते किती बिकट होते, हे प्रस्तुत लेखात होंडा आणि डुकाटी यांच्या स्पर्धेवरून पाहू.

नियम आणि त्यामागचे गणित

१९८८ साली जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरूनच शर्यतीच्या गाड्या तयार करावयाच्या, ही तिची मुख्य अट. चार सिलिंडरच्या इंजिनाला ७५० सी. सी., तर दोन सिलिंडरच्या इंजिनाला १००० सी. सी. पर्यंत मुभा होती. प्रथमदर्शनी हा उघड पक्षपात वाटेल. पण थोडे गणित करून पाहिले म्हणजे त्यातील हेतू कळतो.

इंजिनाची शक्ती ते मिनिटाला किती हवा आत घेते यावर बरीचशी अवलंबून असते, आणि ही हवा आकारमान व फेरे या दोहोंवर ठरते. पिस्टन वरून खाली जेवढे अंतर जातो त्याला स्ट्रोक म्हणतात. होंडाच्या चार सिलिंडरच्या 'आरसी ३०' गाडीचा स्ट्रोक ४८.६ मिलिमीटर होता, तर १९९४ साली आलेल्या डुकाटी ९१६ चा ६६ मिलिमीटर. दोन्ही पिस्टनांचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर होंडाचे इंजिन मिनिटाला सुमारे १२,३५० फेरे घेईल आणि डुकाटीचे सुमारे ९,१००. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत येते. त्या हिशेबाने ७४८ सी. सी. ची होंडा मिनिटाला सुमारे ४,६०० लिटर हवा घेईल, आणि ९१६ सी. सी. ची डुकाटी सुमारे ४,१५० लिटर. म्हणजे मोठे इंजिन मागे पडले! त्याच स्ट्रोकचे इंजिन १००० सी. सी. चे केले, तर आकडा ४,५५० च्या आसपास जातो. नियमातील सवलत अगदीच निराधार नव्हती, हे यावरून दिसेल.

सरळ रस्ता आणि वळण

परंतु शर्यत म्हणजे केवळ शक्तीची मोजणी नव्हे. समजा, २०० मीटरचे एक वळण ताशी १०० किलोमीटर वेगाने घेतले. त्यास ७.२ सेकंद लागतील. वेग दोन टक्के वाढविला, तर सुमारे ०.१४ सेकंद वाचेल. तेवढेच सरळ अंतर ताशी २५० किलोमीटर वेगाने कापताना तीच दोन टक्के वाढ जेमतेम ०.०६ सेकंद वाचविते. मंद भागात वेळ अधिक जातो, म्हणून सुधारणेचे फळही तेथेच अधिक मिळते. दोन सिलिंडरची गाडी सडपातळ असते, आणि कमी फेऱ्यांतही तिचे इंजिन चांगला जोर देते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना स्वाराला थ्रॉटल बेताने उघडणे सोपे जाते. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत दोन सिलिंडरच्या गाड्यांना किमान वजनातही सवलत होती. ती पुढे काढून घेण्यात आली.

निकालांची साक्ष

पहिली दोन वर्षे, १९८८ व १९८९, फ्रेड मर्केल होंडावर विजेता ठरला. १९९० ला रेमाँ रोश, पुढील दोन वर्षे डग पोलन आणि १९९४ व १९९५ ला कार्ल फोगर्टी हे डुकाटीवर जिंकले. मध्ये १९९३ साली कावासाकीवर स्कॉट रसेल जिंकला.

यानंतर जणू मिलच्या सूत्रासाठीच एक प्रयोग घडून आला. १९९६ साली फोगर्टी होंडाकडे गेला आणि विजेतेपदावरून चौथ्या क्रमांकावर आला. स्वार तोच, गाडी बदलली. तेव्हा डुकाटी श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु त्याच वर्षी डुकाटीवर तिसरा आलेला जॉन कोसिन्स्की १९९७ साली होंडावर बसला आणि जगज्जेता झाला! डुकाटीकडे परतलेला फोगर्टी त्या वर्षी दुसरा आला. पद्धत तीच, कंपन्याही त्याच, आणि निष्कर्ष मात्र नेमके उलट.

असे का व्हावे? कारण 'बाकी सर्व समान' ही अट दोन्ही वेळी मोडली होती. वर्ष बदलले, संघ बदलला, प्रतिस्पर्धी बदलले, गाड्यांतही सुधारणा झाल्या. याहून महत्त्वाचे असे, की १९९६ साली फोगर्टी होंडावर चौथा आला, तेव्हा ॲरन स्लाइट होंडावरच दुसरा आला होता. स्वार आणि गाडी ही दोन सुटी कारणे नव्हेत. त्यांचे एकमेकांशी जुळणे हेच एक स्वतंत्र कारण आहे.

प्रतिस्पर्ध्याचे हत्यार

या वादावर सर्वांत बोलके उत्तर होंडानेच दिले. चार सिलिंडरच्या इंजिनासाठी गाजलेल्या या कंपनीने २००० साली १००० सी. सी. ची दोन सिलिंडरची गाडी उतरविली आणि तिच्यावर कॉलिन एडवर्ड्स विजेता झाला. २००१ साली डुकाटीवरील ट्रॉय बेलिसने त्याला मागे टाकले. २००२ साली एडवर्ड्सने शेवटच्या सलग नऊ शर्यती जिंकून अवघ्या ११ गुणांनी विजेतेपद परत मिळविले. दोन सिलिंडरविरुद्ध दोन सिलिंडर ही झुंज व्यतिरेक पद्धतीच्या आदर्शाला त्यातल्या त्यात जवळची म्हणावी लागेल, आणि तिचा निकाल जवळजवळ बरोबरीचा लागला!

पुढे २००३ पासून चार सिलिंडरनाही १००० सी. सी. ची मुभा मिळाली. १९९६ साली डुकाटीवर जिंकलेला ट्रॉय कॉर्सर २००५ साली सुझुकीच्या चार सिलिंडरच्या गाडीवर जिंकला. २००८ साली दोन सिलिंडरची मर्यादा १२०० पर्यंत वाढविण्यात आली. 'समान संधी' म्हणजे काय, हे नियम करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा ठरवावे लागले.

माझ्या मते, कोणत्याही तुलनेपूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत: कोणत्या नियमाखाली? कोणत्या मार्गावर? आणि कोणाच्या हाती? परीक्षेच्या गुणांवरून दोन विद्यार्थ्यांची अथवा दोन महाविद्यालयांची तुलना करतानाही हेच प्रश्न लागू पडतात. तेथे मात्र ते क्वचितच विचारले जातात.