सांडपाण्यातील औषधे आणि सूर्यप्रकाश

आपण घेतलेल्या प्रतिजैविक औषधाचा बराच अंश न बदलताच शरीराबाहेर पडतो आणि गटारात जातो. चेन्नईत कूवम व अड्यार या नद्यांत असे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. शुद्धीकरण केंद्रात मैला कुजविण्याचे काम जिवाणूच करतात. जिवाणूंना मारण्यासाठीच घडविलेले औषध त्यांनी पुरते पचवावे, ही अपेक्षाच जरा विचित्र. उलट, त्याच्या अल्प मात्रेत तग धरणारे जिवाणूच फोफावतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेन्नईच्या ४४ जिवाणू-नमुन्यांत प्रबळ औषधांनाही निष्प्रभ करणारे एनडीएम-१ आढळले होते.

रंगात वापरली जाणारी टायटेनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी येथे उपयोगी पडते. तिच्यावर अतिनील किरण पडले, की इलेक्ट्रॉन उसळतात व मागे रिक्त जागा उरतात. या जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण करतात आणि ती औषधाचे रेणू तोडतात. भुकटी मात्र खर्ची पडत नाही. उन्हाची चेन्नईत ददात नाही. परंतु त्यात अतिनील किरण जेमतेम ५ टक्के असतात. म्हणून दृश्य प्रकाशातही कार्य करणाऱ्या उत्प्रेरकांचा शोध चालू आहे. शिवाय गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही. तेव्हा ही प्रक्रिया नेहमीच्या शुद्धीकरणानंतरच योजावी लागते.