दलालाचा शब्द आणि मालकाची जबाबदारी

समजा, जबलपूरच्या घमापूर भागातील एक जुने दुमजली घर विकावयाचे आहे. मालक परगावी राहतो. व्यवहार त्याने दलालावर सोपविला आहे. घेणाऱ्याला तळमजल्यावर पिठाची गिरणी काढावयाची आहे. ‘त्याची परवानगी आहेच,’ असे दलाल सांगतो. रजिस्ट्री झाल्यावर उघड होते की, शहराच्या विकास योजनेप्रमाणे जागा निवासी वापराची असून तेथे गिरणीला परवानगी कधी मिळालेलीच नव्हती. मालक म्हणतो, ‘असे सांगण्यास मी सांगितले नव्हते.’ दलाल म्हणतो, ‘दस्तावर माझी सहीच नाही.’

पहिली सबब टिकणे कठीण आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३८ अन्वये अभिकर्त्याने मालकाच्या कामाच्या ओघात केलेल्या असत्य कथनाचा करारावर होणारा परिणाम मालकाने स्वतः ते केल्यासारखाच असतो. मात्र दलालाच्या अधिकारकक्षेबाहेरील बाबींना हा नियम लागू नाही. अधिनियमातील उदाहरणही बोलके आहे : मालाची विक्री करणाऱ्या अभिकर्त्याने मालकाची मुभा नसताना खोटे सांगितले, तरी खरेदीदाराला करार रद्द ठरविता येतो. ज्याने दलाल नेमला, त्यानेच त्याच्या जिभेचा धोका पत्करावा, ही विभागणी न्याय्यच म्हटली पाहिजे. शिवाय दलालाच्या गैरवर्तनाने झालेले नुकसान मालकाला कलम २१२ अन्वये त्याच्याकडून मागता येते.

दुसरी सबबही पुरी पडत नाही. जाणूनबुजून, किंवा खरे-खोटे याची पर्वा न करता, केलेले विधान ही फसवणूक होय, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८९ मध्ये ‘डेरी विरुद्ध पीक’ या खटल्यात ठरविले. अशा फसवणुकीची भरपाई प्रत्यक्ष बोलणाऱ्याकडूनही मागता येते. सही नसणे हा त्यावर बचाव नव्हे. अर्थात ‘येथे धंदा जोरात चालेल’ हे केवळ मत. ‘परवानगी आहे’ हे वस्तुस्थितीचे विधान.

खरा पेच घेणाऱ्याच्या बाजूला आहे. विकास योजना सार्वजनिक दस्तऐवज असते. कलम १९ च्या अपवादानुसार, असत्य कथन अजाणता झाले असेल किंवा कपटाने मौन पाळले गेले असेल, आणि सामान्य दक्षतेने सत्य कळू शकले असते, तर करार रद्द ठरविता येत नाही. मुद्दाम उच्चारलेल्या खोट्याला मात्र हा अपवाद शब्दशः लागू होत नाही. म्हणून दलालाला सत्य ठाऊक होते काय, यावरच बहुधा सारा वाद फिरतो. तोंडी बोलणे सिद्ध करणे अवघड. चिठ्ठी, जाहिरात, साक्षीदार यांचे मोल येथे कळते.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नोंदणीपात्र प्रकल्पांतील दलालांना नोंदणी सक्तीची केली, आणि नसलेल्या मान्यतेचा दावा करण्यास मनाई केली. उल्लंघनास दररोज दहा हजार रुपये, एकूण मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. घमापुरातील ते जुने घर अशा प्रकल्पात मोडत नाही. त्याच्या विक्रीला १८७२ चाच कायदा लागू राहतो.