ट्रंकेतले दोन वेताळ आणि एक अनोळखी बाई

चि. छकुलीस,


माळ्यावरच्या ट्रंकेतल्या सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून कागद रद्दीत द्यायचे, हा तुझा बेत तुझ्या आईकडून कळला. घर सोडायची तारीख जवळ आली आहे, त्यामुळे तुझी घाई या मामाला समजते. तरी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एवढे वाच.

वरच्याच थरात तुला दोन वेताळ भेटतील. एक 'चांदोबा'तला, राजा विक्रमाच्या खांद्यावरचा. तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली निघालेल्या 'चांदमामा'चे हे मराठी भावंड, १९५२ पासूनचे. दुसरा 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला, कवटीची अंगठी घालणारा. तो मूळचा अमेरिकन ली फॉक यांचा १९३६ सालचा 'फँटम'. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ मध्ये 'इंद्रजाल' सुरू केले, तेव्हा पहिले ३२ अंक एकट्या त्याच्याच कथांचे होते. मराठीत येताना तो वेताळ झाला. त्याच्या 'बेंगाला' देशाचे 'डेंकाली' झाले, आणि अंकाच्या आकारात बसवण्यासाठी काही चौकटी कापल्या गेल्या. म्हणून इंटरनेटवर मिळणारी मूळ इंग्रजी कथा आणि हे पिवळे पडलेले अंक एकच नव्हेत. त्या काळच्या मुलांनी नेमके काय वाचले, ते फक्त इथेच आहे.

त्याखाली 'अमर चित्र कथा' आहेत. दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणकथा येत होत्या, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून १९६७ साली अनंत पै यांनी ही मालिका सुरू केली. 'कृष्ण' हा अंक राम वाईरकर यांनी चितारला. पुण्याच्या प्रताप मुळीक यांनीही या मालिकेत पुष्कळ काम केले आणि पुढे हिंदी कॉमिक्समधला 'नागराज' रंगवला. लहानपणी मामाने ही नावे कधी वाचली नाहीत, नुसती पाने उलटली. तू मात्र चित्रकाराचे नाव शोधून मग गोष्ट वाच.

आता फोटोंचा डबा. काळ्या कागदाचा अल्बम, कोपऱ्यांत अडकवलेले फोटो, मधे फाटका बटर पेपर. एका फोटोत रंगवलेल्या पडद्यासमोर नऊवारीतली बाई उभी आहे, हात खुर्चीच्या पाठीवर. मामाला ती कोण ते माहीत नाही. तुझ्या आईलाही नाही. फक्त आजीला माहीत आहे, आणि आजी या वर्षी नव्वदीत पडली.

कॉमिक्समध्ये छापलेले नाव निदान शोधता तरी येते. फोटोच्या पाठीवर ते घरातल्याच कुणीतरी लिहावे लागते, आणि आपल्या घरात ते कुणीच लिहिले नाही.

तेव्हा क्रम बदल. आधी आजी, मग मोबाइल.

फोटोमागे बॉलपेन चालवू नकोस, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिही: डावीकडून कोण कोण, गाव कोणते, प्रसंग कोणता. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो घे, गावाचा माग त्यातून लागतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नकोस, त्याचा गोंद कागदात मुरून कायमचा डाग पडतो. कॉमिक्सच्या पिना पावसाळी हवेत गंजतात, त्या सावकाश काढ. स्वस्त कागदात लाकडाचा लिग्निन राहिलेला असतो, म्हणून तो उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. अंक उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात आडवे ठेव.

सगळे ठेवायला नव्या घरात जागा नाही, हेही खरे. दोनदोन प्रती असतील तर एक देऊन टाक. ज्या अंकांवर तुझ्या आईने सातवीत असताना शाईने स्वतःचे नाव लिहिले आहे, ते मात्र देऊ नकोस.

येत्या रविवारी ये. आजी दुपारच्या चहानंतर तासभर छान बोलते. तिचे भिंग मामा काढून ठेवील. येताना पेन्सिल आण, आणि त्या नऊवारीतल्या बाईचा फोटो सगळ्यात वर ठेव.

तुझा,
मामा